उभ्याचं माप

आमचे जमादार माणसाकडे बघताना आधी खाली बघायचे. कुणी समोर आलं की त्यांची नजर पहिल्यांदा त्याच्या पायांवर जाई, तिथेच रेंगाळे, आणि बोलणं संपलं तरी वर येईलच असा भरवसा नसे. त्यामुळे कचेरीतल्या निम्म्या लोकांचे चेहरे त्यांना ठाऊक नव्हते. "त्यो कोन ओ, डाव्या टाचंवर भार टाकून चालतोय त्यो?" असं ते विचारत, आणि मग आम्ही सगळे एकमेकांच्या टाचा बघत बसायचो.

त्यांच्या या गोष्टी सांगितल्या की लोक हसतात. मीही हसतो. पण हसून झाल्यावर माझ्या वाट्याला जे उरतं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आता माझीही पन्नाशी जवळ आली. सांगून टाकावं म्हणतो.

कोल्हापूर दरबारच्या एका कचेरीत ते पहारेकऱ्यांचे जमादार होते. कचेरीचं नाव सांगत नाही. त्यांच्या हाताखाली तेरा पहारेकरी. उंच, हडकुळा देह, मेंदीनं तांबडी केलेली दाढी, आणि सव्वीस-सत्तावीस वर्षं उभं राहून झालेली नोकरी. ते बसलेले मी फार थोड्या वेळा पाहिले. "म्या बसतो ते नमाजाला आनि जेवाय," असं म्हणत. चौकीत त्यांच्यासाठी एक तिवई होती. तिच्यावर त्यांचं पागोटं बसायचं.

मी रुजू झालो त्या दिवशीची गोष्ट. मी कागलकडच्या खेड्यातला, कुणब्याचा मुलगा. महाराजांनी काढलेल्या बोर्डिंगात राहून शिकलो. आमच्या घरात लेखणीवर पोट भरणारा मी पहिलाच. कारकून म्हटला की पायात बूट हवेत अशी माझी भाबडी समजूत होती. म्हणून एका ओळखीच्याचे जुने बूट मागून आणले, त्यांत पाय कोंबले, आणि लंगडत फाटकाशी पोचलो.

"पावणं, बूट कुनाचं?" जमादारांनी विचारलं.

"माझेच."

"न्हाईत. तुमचं असतं तर असं रुसलं नसतं. अंगठा आत दुमडून घेतलाय न्हवं?"

घेतलाच होता.

"आज घाला. हजर व्हायचंय तुमास्नी. पन सांजच्याला माझ्याकडं या."

संध्याकाळी गेलो. चौकीच्या मागे त्यांनी एका रुंद फळीवर चुलीतली चाळलेली राख पसरून ठेवली होती. म्हणाले, "बूट काडा आनि हितं उभं ऱ्हावा. खाली बगू नका, कौलाकडं बगा. आपुन बगतोय म्हटलं की पाय सोंग करतो."

मी कौलाकडे बघत राखेवर उभा राहिलो. बऱ्याच वेळानं त्यांनी मला उतरवलं आणि उकिडवे बसून ते तो ठसा वाचू लागले. वाचू लागले असंच म्हणायला हवं, कारण त्यांचे ओठ हलत होते.

"उजवा पाय मोठा हाय. टाच भाईरच्या अंगाला दाबती. नांगर धरलाय तुमी."

जवळून एक शिपाई चालला होता. त्यानं ते ऐकलं आणि तो हसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जमादारांना त्यात लाजण्यासारखं काहीच दिसलं नव्हतं. त्यांनी सुतळी काढली, माझा पाय मांडीवर घेतला, पंज्याचा घेर मोजला, मग दुसऱ्याचा मोजला. "दोन पाय म्हंजे दोन भाऊ," ते म्हणाले. "एका आईचं, पन सारखं न्हवं. दोगांस्नी इचारल्याबिगर काय ठरवायचं न्हाय."

कचेरीच्या भिंतीबाहेर चिंचेखाली एक चांभार बसायचा. त्याला आत यायची मुभा नव्हती. महाराज स्वतः शिवाशिव मोडायला निघाले होते, पण ते वारं आमच्या फाटकापाशी अजून अडकलेलं होतं. म्हणून जमादार ती राखेची फळी दोन्ही हातांवर तोलून, श्वास रोखून, बाहेर न्यायचे. वारा सुटला की पाठ वळवून तिला आडोसा करायचे. एवढा दांडगा माणूस, आणि हातात नुसता एका पायाचा ठसा! येणारेजाणारे थांबून बघायचे. चांभार तो ठसा बघे आणि दोघांची अर्धा अर्धा तास खलबतं चालत. आठ दिवसांनी मला ज्या चपला मिळाल्या त्या घालून मी प्रथमच दिवसभर पायांचा विचार न करता काम केलं.

पादत्राण निवडण्याचे त्यांचे नियम होते आणि ते त्यांनी प्रत्येक नव्या पहारेकऱ्याला पाजले होते. माप घ्यायचं ते संध्याकाळी, पहारा उतरल्यावर. "सकाळचा पाय झोपंतनं उठल्याला असतो, त्येला कायबी चालतं. सांजचा पाय खरं बोलतो." माप घ्यायचं ते उभं राहून. बसलेल्या माणसाचा पाय आकसलेला असतो, अंगाचं ओझं आलं की तो पसरतो. आणि चप्पल पारखायची ती चालून नाही.

हा शेवटचा नियम मी डोळ्यांनी पाहिला. एकदा चांभार आजारी होता म्हणून ते मला घेऊन बाजारात गेले. दुकानदारानं जोड पुढे केला. जमादारांनी तो पायात घातला आणि दुकानासमोर चामड्याच्या तुकड्यावर उभे राहिले. नुसते उभे. हात पाठीशी, मान ताठ. दुकानदार म्हणाला, "चालून बगा की, जमादार."

"चालताना पाय उचलतो. मग चप्पल आपली लबाडी झाकती. उभं ऱ्हायलं की घावती."

पाच मिनिटं झाली, दहा झाली. गिऱ्हाइकं अडली. कुणीतरी विचारलं, आज हितं कसला पहारा हाय? दुकानदार गयावया करू लागला, "अवो, लोकांस्नी वाटतंय दुकानावर जप्ती आली!" अर्ध्या तासानं जमादारांनी चपला काढल्या, त्याच्या हातात दिल्या आणि शांतपणे म्हणाले, "करंगळीखाली खोटी हाय." आणि आम्ही निघून आलो.

करकर वाजणाऱ्या चपलांचा त्यांना संताप. एक तरणा पहारेकरी हौसेनं तसल्या चपला घालून आला तर त्याला म्हणाले, "का रं, चोराला आदी निरोप धाडतोस व्हय? आलो, आलो, बाजूला हो म्हनून?" दर शनिवारी तेरा जणांच्या चपला चौकीपुढे ओळीनं मांडल्या जात आणि जमादार उभ्यानं वाकून त्यांना एरंडेल लावत. हाताखालच्या माणसांच्या चपलांना जमादारानं हात लावायचा हे आमच्या अव्वल कारकुनांना फार हिणकस वाटे. त्यांनी एकदा तसं बोलूनही दाखवलं. जमादार त्यांच्या पायांकडे बघून म्हणाले, "तुमचाबी जोड आना की. सुकलाय."

मशिदीतली गोष्ट तर गावभर झाली होती. एका शुक्रवारी नमाज झाल्यावर एका गवंड्याच्या चपला सापडेनात. त्यानं आरडाओरडा केला, मशिदीतसुद्धा चोर शिरले म्हणून डोक्याला हात लावला. लोक जमले, शोधाशोध झाली. तेवढ्यात समोरून जमादार आले, हातात त्याच चपला. नमाजाला येतानाच त्यांनी त्या दारात पाहिल्या होत्या, टाच एका बाजूनं पार झिजलेली. ते नमाज आटोपून सगळ्यांच्या आधी निघाले होते आणि चांभाराकडून टाच बसवून परत आले होते.

"विचारायचं तरी!" गवंडी ओरडला.

"इचारलं असतं तर तू म्हनला असतास, ऱ्हाऊ द्या, चालतंय," जमादार म्हणाले. "दिसभर परांचीवर उभा ऱ्हातोस. गुडघा दुकतोय न्हवं डावा?"

गवंड्यानं चपला पायात घातल्या. गुडघा दुखत होताच.

हे सगळं मी अगदी जवळून पाहिलं, आणि तरीही वेळ आली तेव्हा मी जे केलं ते केलं.

माझ्या नोकरीला अकरा महिने झाले होते. ती पक्की व्हायची होती. गावी वडिलांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की पोरगा दरबारात साहेब झाला. अशात वरून हुकूम आला. बाहेरून कुणी बडा गोरा साहेब कचेरी बघायला येणार होता. त्या दिवशी पहारेकऱ्यांच्या पायात चपला दिसता कामा नयेत. सगळ्यांना मुंबईहून काळे बूट मागवायचे. प्रत्येकाच्या दोन्ही पायांची आकृती कागदावर काढून आणि पंज्याचा घेर मोजून ताबडतोब पाठवा. पोशाखाचं काम माझ्याकडे होतं, तेव्हा हेही माझ्याकडे आलं.

जमादार त्या दिवशी दुसऱ्या कचेरीत कसला तरी पहारा बसवायला गेले होते, दुपारी येणार होते. मी सकाळीच बाराजणांना ओसरीवर बोलावलं. तेरावा रजेवर होता. मी कागद पसरला आणि पहिल्याच्या पायाशी गुडघे टेकले. तेवढ्यात अव्वल कारकून आतून बाहेर आले. त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "काय पाटील, आज पाद्यपूजा वाटतं? चालू द्या. मुळातली सवय जाते थोडीच."

आतले दोघे-तिघे हसले. मी उठून उभा राहिलो. कान तापले होते. मी पहारेकऱ्यांवर खेकसलो, "बाकावर बसा रे सगळे. आपापला पाय आपणच काढा."

त्यांतल्या एकानंही जन्मात पेन्सिल धरलेली नव्हती. बाकावर बसून, पोट आवळून, ओणवे होऊन ते आपल्याच पायाभोवती रेघ ओढू लागले. पेन्सिल तिरकी होऊन तळव्याखाली शिरत होती. जो तो पाय होता त्याहून बारीक निघत होता. मला ते दिसत होतं. ज्याला राखेवर उभं करून शिकवलं होतं त्याला ते दिसणार नाही तर कुणाला? पण मी हात लावला नाही. घेराचे आकडे मी टेबलाशी बसून अंदाजानं भरले, रजेवरच्याचे आणि जमादारांचेही. दुपारच्या टपालानं कागद गेला.

जमादार आले तेव्हा चौघा-पाचजणांनी एकदम सांगितलं. ते माझ्या टेबलापाशी आले.

"माप घेतलं?"

"घेतलं."

"सकाळी? बसवून?"

मी मान हलवली.

"आनि माझं?"

"अंदाजानं घातलं, जमादार."

ते माझ्या पायांकडे बघत थोडा वेळ उभे राहिले. मग समजावणीच्या सुरात म्हणाले, "आसं करा. दुसरा कागद धाडा. सांजच्याला म्या सगळ्यांस्नी राखंवर उभं करतो, तुमी नुसतं लिवा. पयला चुकला म्हनून कळवा. चुकलं म्हनून कोन फाशी देत न्हाय."

"आता तसं होत नाही," मी म्हणालो. खरं तर होत होतं. पण 'चुकला' हे माझ्या सहीनं लिहावं लागलं असतं आणि ते अव्वल कारकुनांच्या टेबलावरून गेलं असतं.

बूट आले ते साहेब यायच्या आठ दिवस आधी. एकाचाही पाय सुखानं आत गेला नाही. जमादारांनी मला पुन्हा सांगितलं, बूट परत पाठवा. मी म्हणालो, चामडं नवं आहे, सैल पडेल. आणि त्याच दिवशी वर लिहून कळवलं की बूट मिळाले, योग्य आहेत. जमादारांनी एरंडेल चोळलं. ओले हरभरे भरून रात्रभर ठेवले, म्हणजे ते फुगून चामडं ताणतील. आपलं कातडं असतं तर ताणलं असतं. ते विलायती कातडं हटायला तयार नव्हतं.

साहेब यायच्या दिवशी पहाटेच ते चांभाराची धारदार रापी घेऊन चौकीत उभे राहिले. प्रत्येक पहारेकऱ्याला पुढे बोलावलं आणि त्याच्या बुटाची बाहेरची बाजू करंगळीपाशी शिवणीलगत बेतानं चिरली. फट दिसू नये म्हणून आतून पायाला काजळी फासली. लांबून बघणाऱ्याला काही कळण्यासारखं नव्हतं. त्यांनी स्वतःचे बूट मात्र चिरले नाहीत. त्यांची जागा पायऱ्यांशी, अगदी समोर होती. "माज्या म्होरं साहेब थांबनार. त्यानं बगितलं तर सगळ्यांचंच बगंल," ते म्हणाले.

सकाळी आठला सगळे जागेवर उभे राहिले. साहेब दुपारी दोन वाजून गेल्यावर आला. सहा तासांहून जास्त वेळ जमादार त्या बुटांत पायऱ्यांशी उभे होते. मी खिडकीतून पाहत होतो. त्यांचा चेहरा कोरा होता, फक्त दाढीतून घाम ठिबकत होता. चालणाऱ्याला निदान पाय उचलता येतो. साहेब आला, त्यांच्यासमोर क्षणभर थांबला, मान हलवून आत गेला.

संध्याकाळी बूट निघेनात. शेवटी तेही चिरूनच काढावे लागले. दोन बोटं काळीनिळी झाली होती.

गोष्ट तिथेच संपली असती. पण बूट कोठीत परत जमा करायचे होते, आणि तिथे ते चिरलेले दिसले. जमादारांचा धरून चौदा जोड कापलेले. सरकारी मालाची नासाडी! चौकशी लागली.

चौकशीच्या आदल्या दिवशी मी काय केलं तेही सांगतो. मी तेराही पहारेकऱ्यांना एकेकटं गाठलं. "उद्या विचारतील, बूट बसत होते का? बसत होते म्हणा," मी सांगितलं. "नाहीतर तुमचाही यात हात होता असं धरतील. नोकरी जाईल." ती गरीब माणसं. माझ्या हातात कागद असायचा, आणि कागदवाल्याला सगळं ठाऊक असतं अशी त्यांची समजूत.

चौकशी आमच्या मुख्य अधिकाऱ्यांपुढे झाली. जमादारांनी एका वाक्यात कबुली दिली. "म्या कापलं. बसत नव्हतं."

मग एकेक पहारेकरी आत आला. खाली मान घालून म्हणाला, बसत होते, साहेब. दुसरा आला. बसत होते. तेराजण आले आणि तेराजण तेच म्हणाले. जमादार भिंतीशी उभे होते, एका पायावर भार देऊन. प्रत्येकजण आत आला की ते त्याच्या पायांकडे बघत आणि तो निघून गेला की समोर बघत.

शेवटी मला विचारलं. "मापं नीट घेतली होती?"

"होय, साहेब."

त्या वेळी जमादारांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. रागानं नाही. एखाद्याला प्रथमच भेटत असल्यासारखं पाहिलं.

त्यांना नोकरीवरून काढलं. पुढच्या महिन्यात माझी नोकरी पक्की झाली. त्यांच्या पायाची जखम पिकली, चिघळली, आणि दवाखान्यात दोन बोटं काढावी लागली, असं कुणी तरी सांगितलं. मी बघायला गेलो नाही. लेक कसबा बावड्याला दिली होती, तिच्याकडे ते राहायला गेल्याचंही कळलं. कोल्हापुरातून कसबा बावडा केवढा लांब? मला तिथे पोचायला नऊ वर्षं लागली.

तोवर अव्वल कारकून पेन्शन घेऊन गेले होते, ते अधिकारीही बदलून गेले होते. मला बढती मिळाली होती. माझ्या वडिलांचं त्या वर्षी निधन झालं. जाण्यापूर्वी त्यांनी मला विचारलं, "नोकरी खरेपनानं करतोस न्हवं?" मी होय म्हणालो. तेही 'होय' तसलंच होतं. त्यांचं दिवसकार्य आटोपल्यावर मी उठलो आणि बावड्याला गेलो.

जमादार अंगणात काठीवर रेलून उभे होते. अजूनही उभेच! दाढीची मेंदी सुटली होती, ती पांढरी झाली होती. माझी चाहूल लागताच खाली बघून म्हणाले, "कारकून. टाच अजून भाईर टाकताय."

लेकीनं घोंगडं अंथरलं, गुळाचा खडा आणि पाणी ठेवलं. मी एका दमात सगळं सांगितलं. पेन्सिल, पाद्यपूजा, अंदाजाचे आकडे, चौकशीच्या आदल्या दिवशीच्या त्या तेरा भेटी. म्हणालो, मी आता वर लिहून देतो, सगळं कबूल करतो, तुमचं नाव साफ होईल.

"कुनाला लिवून देतासा?" त्यांनी विचारलं. "ते साहेब गेलं. बूटबी गेलं. माजी बोटं काय उगवून यायची न्हाईत."

"मग मी काय करू, जमादार? तुम्ही सांगाल ते करतो."

त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाले, "ती तेरा पोरं माज्याकडं येत न्हाईत."

मला अर्थबोध झाला नाही.

"नऊ वरसं झाली. एकबी आला न्हाय. ईदेला न्हाय, माज्या बायकुच्या मैताला न्हाय. रस्त्यात दिसली तर बोळात शिरत्यात. लाजत्यात. त्यास्नी वाटतं, आपुन जमादाराच्या इरोदात बोललो." त्यांनी काठीनं रस्त्याकडे दाखवलं. "म्या त्यास्नी सांगाय गेलो तर पळत्यात. तुमी जावा. एकेकाच्या घरी जावा आनि सांगा, की बाबा, तुला खोटं म्या बोलाय लावलं. तुजा दोस न्हाय. म्हातारा वाट बगतोय. एवडं करा."

"करतो," मी म्हणालो.

"तेराबी जनांकडं."

"तेराही."

मी पहिल्या रविवारी एकाकडे गेलो. तो ऐकून रडलाच. दुसरा शिव्या देऊन म्हणाला, "सायेब, नऊ वरसं गिळून बसलोय ओ म्या ह्ये!" आणि त्याच पावली बावड्याला निघाला. तिसरा, चौथा. प्रत्येक वेळी माझ्या अंगावरून काही तरी उतरत होतं. चौघे जमादारांकडे जाऊ लागले. त्यांची लेक मला वाटेत भेटली तेव्हा म्हणाली, "अब्बा आता रोज कुनाच्या पायात काय हाय त्ये सांगत्यात."

पाचवा कळंब्याकडे राहत होता. मी दारात गेलो तसा तो लगबगीनं उठला, डोक्याला फेटा गुंडाळला आणि बायकोला, सुनेला, दोन्ही मुलांना हाका मारून बाहेर बोलावलं.

"ह्ये बगा, ह्येच ते सायेब!" तो म्हणाला. "म्या सांगतो न्हवं तुमास्नी? त्या बुटाच्या भानगडीत ह्यांनी आदल्या दिशी येऊन सावद केलं म्हनून माजी नोकरी ऱ्हायली. न्हायतर आज ह्या घरात चूल पेटली नसती. पाया पडा रं सायबांच्या."

मुलं वाकली. सून वाकली. मी तिथे उभा होतो. तोंडात आलेलं वाक्य तोंडातच राहिलं. मला घरात नेऊन बसवलं, दूध दिलं. कशासाठी आलात, असं त्यानं विचारलं तेव्हा मी म्हणालो, इकडून चाललो होतो, म्हटलं बघावं.

पुढच्या रविवारी जाईन म्हटलं. मग त्याच्या पुढच्या. सहाव्याकडे आधी जावं असाही विचार केला. पण सहाव्यानंही असाच मान दिला तर? लेक परत भेटली तेव्हा तिनं विचारलं, "बाकीच्यांचं काय झालं? अब्बा इचारत्यात." मी सांगितलं, कामाची गडबड आहे, जातोय.

त्या वर्षीच्या थंडीत जमादार गेले.

मी बावड्याला पोचलो तेव्हा जनाजा उचलायची तयारी झाली होती. गल्लीत माणसं होती, चांभार होता, म्हातारा झालेला तो गवंडी होता. पहाऱ्यातले चौघे पुढे होते, डोळे सुजलेले. मी त्यांच्या मागे उभा राहिलो आणि सहज रस्त्यापलीकडे नजर गेली.

पलीकडे बांधाला लागून उरलेले नऊजण उभे होते. बातमी कळल्यावर ते आले होते. कळंब्याहून, कुठून कुठून पायी आले होते. पण रस्ता ओलांडून अलीकडे यायला एकाचाही पाय धजत नव्हता. त्यांनी डोक्यावरचं काढून हातात घेतलं होतं. कळंब्याचा तो माझ्याकडेच बघत होता.

मधे एक बैलगाडी जाईल एवढाच रस्ता. दहा पावलं टाकून एक वाक्य बोलायचं होतं. ते ऐकून नऊजण धावत आले असते आणि ज्या माणसानं पहाटे उठून त्यांचे बूट चिरले होते त्याला त्यांनी खांदा दिला असता. मी ते वाक्य मनात जुळवू लागलो. कसं सुरू करावं, सगळ्यांदेखत म्हणावं की एकेकाला बाजूला घेऊन सांगावं, हे ठरवत होतो.

तेवढ्यात जनाजा उचलला गेला. चौघांनी पहिला खांदा दिला. लोक पुढे सरकले आणि मी त्यांच्यातून चालू लागलो. वळणावर मागे पाहिलं तेव्हा ते नऊजण बांधाशी तसेच उभे होते.